माझा कान टेम्पोतून गेला त्याची गोष्ट

मुंगी शिंकली तरी आता मला ऐकू येतं! निदान त्या सकाळी मालकांना मी असंच ठणकावून सांगितलं होतं.

आमचं लोखंडी कपाटांचं दुकान. माझे कान गेले, तसं मालकांनी मला काउंटरवरून उचललं आणि मागच्या गोदामात टाकलं. त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. गिऱ्हाईक हाका मारून मारून निघून जायचं आणि मी पाठमोरा कपाट पुसत उभा! पण मला काउंटर हवा होता, फार हवा होता. म्हणून तर कॉक्लिअर इम्प्लांट करून घेतलं. अर्धं यंत्र कवटीत, अर्धं बाहेर बटणासारखं, आणि ते बाहेरचं लोहचुंबकानं डोक्याला चिकटलेलं. बटण निघालं की मी ठार बहिरा.

"आजचा दिवस बघतो," मालक म्हणाले. "जमलं तर काउंटर, नाही तर गोदाम."

काय तो कलकलाट! पंखा, शटर, माझीच चप्पल, सगळे एका सुरात कोकलत होते. माणसं तर डब्यात तोंड घालून बोलत असावीत. यंत्र जुळवून देणाऱ्या ऑडिओलॉजिस्ट बाईंनी धीर दिला होता, की मेंदूला सवय झाली की गोंगाट हळूहळू मागे पडेल.

एक जोडपं आलं. नवरा असा मिशाळ, की त्याला ओठ आहेत की नाहीत अशीच शंका यावी.

"चोरकप्पा आहे का?"

ऐकू आलं! "आहे ना!" म्हणत मी उत्साहानं डोकं कपाटात खुपसलं. कप्पा दाखवला, डोकं बाहेर काढलं आणि काय आश्चर्य! सगळा गोंगाट गायब! पंखा गप्प, शटर गप्प. एका सकाळीत मेंदूला सवय झाली की हो! हुशारच आहे, आईकडून आलाय.

नवऱ्याच्या मिशा हलत होत्या, बायको त्याच्याकडे तोंड करून हातवारे करत होती. म्हटलं, नवरा-बायकोचं खासगी बोलणं, आपण कशाला लक्ष द्या? तो माझ्याकडे बघायचा. मी गोड हसून "छे छे, चालू द्या तुमचं" अशी मान हलवायचो. मिशा आणखी जोरात हलायच्या, मी आणखी गोड हसायचो. शेवटी त्यानं कपाळावर हात मारला, चिठ्ठीवरची पूर्ण किंमत दिली आणि कपाट टेम्पोत चढवून नेलं.

दुपारी बायको डबा घेऊन आली. तिचे ओठ मला तोंडपाठ आहेत. "अहो, बटण कुठंय?" मी शर्ट चाचपला. तिनं माझ्या डोक्यावर टिचकी मारली. डोकं बोडकं!

काउंटरखाली पाहिलं, केराची टोपली उपसली. मग दोघांचीही नजर एकदमच कपाटाच्या रिकाम्या जागेवर गेली. इतक्या वर्षांनी मिळालेला कान मी गिऱ्हाइकाला विकून मोकळा झालो होतो!

पावतीवरचा पत्ता बघून धावतपळत त्याचं घर गाठलं. बायकोनं काय सांगितलं कोण जाणे, पण त्यानं कपाट उघडलं. आतल्या पत्र्याला माझं बटण पालीसारखं चिकटून बसलं होतं. ते डोक्याला लावताच जग पुन्हा बोंबलायला लागलं, आणि त्यात तो मिशाळ सगळ्यांत वर.

"म्हणजे तुम्हाला ऐकूच येत नव्हतं? मी घसा कोरडा पडेपर्यंत घासाघीस केली! हिनं डोळ्यांत पाणी आणलं! आणि तुम्ही नुसते हसून नाही नाही म्हणत होतात!"

"इतका निगरगट्ट दुकानदार जन्मात पाहिला नाही," त्याची बायको म्हणाली. आवाजात कौतुक होतं की शिवी, ते यंत्रातून कळेना.

आम्ही दुकानात पोचेपर्यंत त्यानं मालकांना फोन केलेला! मी मुकाट्यानं गोदामाकडे वळलो.

"इकडे ये," मालक ओरडले. "पूर्ण किंमत? अरे, या दुकानात आजवर कुणी पूर्ण किंमत दिलेली नाही! उद्यापासून काउंटर तुझा!"

मला रडूच यायला लागलं.

"फक्त गिऱ्हाईक 'कमी करा' म्हणालं रे म्हणालं, की ते बटण काढून ठेवायचं!"

ऐकू यावं म्हणून कवटी कोरून घेतली ती यासाठी? नुसता हसलो आणि सकाळसारखीच मान हलवली.

"बरं बाबा, अडून बसू नकोस! पगार वाढवतो!"

हे मात्र अगदी स्पष्ट ऐकू आलं.