देव्हाऱ्याखाली एक वीत

महामार्ग कार्यालयात प्रीती मॅडमनी नकाशावर बोट ठेवलं आणि रविंद्र भोयर खुर्चीत सावरून बसला. बोट नेमकं वडखाप्याच्या पुलावर होतं, आणि वडखाप्यालाच त्याच्या मुलीची, श्वेताची सोयरीक ठरत आली होती.

"हा महामार्ग दर पावसाळ्यात कुठे ना कुठे तुटतो," मॅडम म्हणाल्या. "पुरात टिकेल असा आराखडा करायचाय. यंदा एकच पूल उंच करता येईल. ज्या गावात पाणी जास्त चढतं त्या गावाचा. वडखापा आणि टेंभाळा, दोन्हीकडे जाऊन पुराची खूण घ्या. सोमवारी बैठक आहे."

पुराची खूण घेण्याची पद्धत सोपी असते. गावातल्या जाणत्यांना विचारायचं, पाणी कुठवर आलं होतं. ते भिंतीवर हात ठेवतात, तिथे खडूने रेघ मारायची आणि मोजायचं. गावकरी दोन हात वाढवून सांगतात, साहेब दोन हात कमी करून लिहितात, आणि खरं पाणी मधे कुठेतरी असतं. एवढ्या विश्वासावर या महामार्गाचे सगळे पूल आजवर उभे होते.

शहरात, प्रताप नगरातल्या घरी रविंद्रने हे सांगितलं तेव्हा त्याची बायको गोपिका भेंडी चिरत होती.

"मीबी चालते वडखाप्याले," ती म्हणाली. "घर पाहणं होईल. अन् माझी अट ध्यानात आहे ना? जिथं रस्ता तुटते तिथं मी पोरगी देत नाही."

"पोरीचं तिच्या मनानं जमलं आहे ना पण."

"मुलगा चांगलाच आहे. खापरखेड्याच्या वीज केंद्रात नोकरी आहे. पण सून म्हणून ती राहीन त्या गावात. पावसात दवाखाना लागला तं काय पोहत येईन ते?"

श्वेता दारात उभी राहून ऐकत होती. तिने बापाकडे अशा नजरेने पाहिलं की रविंद्रला रात्रीचं जेवण गेलं नाही.

वडखाप्याला दोन बातम्या आधीच पोचल्या होत्या. पूर मोजायला साहेब येणार, ही एक. साहेब म्हणजे मुलाच्या वडिलांचे, चंपतरावांचे होणारे इवाई, म्हणजे व्याही, ही दुसरी. गावाने दोन्ही एकत्र केल्या आणि निष्कर्ष काढला की पूर मोजणं हे निमित्त, मुलीकडचे चौकशी करायला येताहेत. गाव अगदीच चुकत होतं असं नाही. पुलावर पाणी चढलं की वडखापा जगापासून तुटायचा, आणि म्हणून गावातल्या पोरांना कोणी मुली देत नव्हतं. मागच्या वर्षी एक पाहुणे पोहे खाऊन निघाले, पुलावर पाणी म्हणून परत आले आणि चार दिवस राहिले. पाचव्या दिवशी पाणी उतरलं आणि सोयरीकही मोडली. यंदा गावाने सावध राहायचं ठरवलं होतं.

चंपतराव कडक इस्त्रीचा शर्ट घालून पुलावरच उभे होते. सोबत सरपंच प्रेमानंदभाऊ.

"इथं पाणी कुठवर येते?" रविंद्रने विचारलं.

"कोणतं पाणी?" चंपतराव म्हणाले.

"पुराचं."

"पुराचं." चंपतरावांनी जरा विचार केला. "प्रेमानंदभाऊ, आपल्याकडं पूर येते का गा?"

"टीव्हीत येते," प्रेमानंदभाऊ म्हणाले.

पुलाच्या कठड्याला सुकलेलं गवत गुंडाळलेलं होतं. ते वाळत घातलं आहे असं कळलं. काठावरच्या बाभळीच्या शेंड्यात प्लास्टिकची खुर्ची अडकली होती.

"ते खुर्ची काहून आहे तिथं?" गोपिकाने विचारलं.

"पाखरं राखाले बसतो आमी."

"इतक्या वर?"

"तिथून चांगलं दिसते, इवीनबाई."

गावात शिरल्यावर रविंद्र थबकला. प्रत्येक भिंत छातीपर्यंत मातकट रंगाने आणि त्यावर पांढऱ्या रंगाने रंगवलेली होती. शाळा, देऊळ, पंचायत, गुरांचा गोठासुद्धा. पाण्याची खूण असलीच तर ती रंगाखाली गेली होती. "आमच्या गावची फॅशन आहे," प्रेमानंदभाऊंनी सांगितलं. फॅशन अजून ओली होती. ती गोपिकाच्या पदराला लागली.

चंपतरावांच्या घरात विजेची बटणं आढ्याजवळ होती आणि ती काठीने दाबत. टीव्ही इतका वर होता की बातम्या बघताना मान दुखावी. सगळ्यात वर, छताला टेकेल असा, देव्हारा होता. गोपिकाने नेलेले पेढे देवापुढे ठेवायला चंपतरावांच्या पत्नी अंजनाबाई शिडीवर चढल्या.

"देव वरच बरे," उतरताना त्या म्हणाल्या. "लेकरायचा हात लागत नाही."

घरात लेकरू एकही नव्हतं. गोपिका देव्हाऱ्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि मग तिने फक्त आणखी अर्धा कप चहा मागितला.

रविंद्रला काय दिसत नव्हतं? सगळं दिसत होतं. पण खरं लिहिलं तर श्वेताचं लग्न मोडत होतं, आणि नियम असा होता की गावकरी सांगतील तेच लिहायचं. नियम त्याला इतका सोयीचा याआधी कधी वाटला नव्हता. 'पूर येत नाही,' असं त्याने लिहिलं. परतीच्या वाटेवर त्याला स्वतःची लाज वाटत राहिली. घरी श्वेताने हसून पाण्याचा पेला पुढे केला तेव्हा ती लाज थोडी कमी झाली.

टेंभाळ्याला सोयरिकीचा प्रश्न नव्हता. त्यांनी पाणी देवळाच्या कळसापर्यंत आल्याचं शपथेवर सांगितलं. देऊळ टेकडीवर होतं.

पूल टेंभाळ्याला जाणार ही बातमी शनिवारी वडखाप्यात पोचली. रविवारी सकाळी चंपतराव, अंजनाबाई आणि प्रेमानंदभाऊ प्रताप नगरात रविंद्रच्या सोफ्यावर ओळीने बसले होते. गोपिका स्वयंपाकघरात होती.

"साहेब," प्रेमानंदभाऊ दबक्या आवाजात म्हणाले, "पाणी येते."

"कुठवर?"

"पंचायत बुडते. शाळेचे फळे वाहून—"

गोपिका पोह्यांच्या बश्या घेऊन आली.

"—शाळेचे फळे नवीन घेतले यंदा," प्रेमानंदभाऊ म्हणाले. "कोरडे आहेत एकदम."

गोपिका आत गेली. "दीड-दोन माणूस पाणी राहते रस्त्यावर," चंपतराव घाईने म्हणाले. "मागच्या साली आमी छपरावर सैपाक केला."

गोपिका चटणी घेऊन आली. "छपरावर सैपाक?"

"चांदणं होतं," चंपतराव म्हणाले. "हौस."

पाणी असं चढत-उतरत राहिलं. गोपिका लिंबू आणायला गेली की पंचायत बुडायची, ती परत आली की गाव कोरडं व्हायचं. रविंद्रने हळूच सुचवलं, जे काय आहे ते लिहून द्या.

"देतो ना," चंपतराव कुजबुजले. "पण साक्षगंध झाल्यावर. अंगठी एकदा बोटात गेली की."

"बैठक उद्या आहे, इवाई."

"मंग साक्षगंध आजच उरकू का?"

गोपिका चहाचा ट्रे घेऊन आली आणि या वेळी आत गेली नाही. खुर्ची ओढून समोर बसली.

"माझं माहेर नदीकाठचं," ती म्हणाली. "आमचाबी देव्हारा आढ्यालेच होता. माझी माय शिडीवर चढून पूजा करे. तुमच्या घरात पाय ठेवला तवाच मले समजलं पाणी कुठवर येते."

प्रेमानंदभाऊंच्या हातातला पोह्यांचा घास हातातच राहिला.

"मंग बोलली काहून नाही तू?" रविंद्रने विचारलं.

"म्हटलं, पोराच्या लग्नासाठी तरी हे लोक पूल मागतीन. तं गाव रंगवलं ते रंगवलं, इथं येऊनबी लपवूनच राहिले." ती नवऱ्याकडे वळली. "अन् तुमीबी तेच लिहून आले. लिहा आता. देव्हाऱ्याखाली एक वीत."

"दीड वीत लिहा, साहेब," चंपतराव सवयीने म्हणाले.

"एकच," अंजनाबाई म्हणाल्या. त्या दिवसातलं हे त्यांचं पहिलं वाक्य होतं. "मागच्या साली देवाले हातात घेऊन मी शिडीवरच बसली होती. पाणी एक वीत खाली थांबलं. मी मोजून राहिली होती, दुसरं करणार काय."

रविंद्रने खिशातून पेन काढलं आणि लिहिलं. चंपतरावांनी मान खाली घातली.

"मंग सोयरीक मोडली म्हणायची," ते म्हणाले. आतल्या दाराचा पडदा हलला. श्वेता तिथेच होती.

"काहून मोडीन?" गोपिका म्हणाली. "खरं बोलणारी सासू भेटून राहिली पोरीले. लग्न होईन. पण पूल होईपर्यंत पावसाळाभर श्वेता इथं राहीन. जावईबी इथंच. इथून खापरखेड्याले जातीन."

श्वेता पडद्यामागून हसल्याचा आवाज आला. रविंद्रही हसला, पोरीचं लग्न ठरलं यापेक्षा मोठं काय. मग तो हळूहळू हसायचा थांबला. पूल व्हायला किती पावसाळे लागतात हे त्या खोलीत फक्त त्यालाच माहीत होतं. जावई म्हणजे रोज गोडधोड, जावई म्हणजे पंख्याखालची खुर्ची त्याची, टीव्हीचा रिमोट त्याचा, आणि घर दोन खोल्यांचं.

"मी काय म्हणतो, इवाई," चंपतरावांना आता धीर आला होता. "पाणी चढलं की आमीबी पोराजवळच येत जाऊ. छपरापेक्षा बरं."

"येत जा ना," गोपिका म्हणाली.

"अन् म्हशी?" अंजनाबाईंनी विचारलं.

गोपिकाने खिडकीतून अंगणाकडे पाहिलं. अंगणात रविंद्रची स्कूटर आणि त्याने हौसेने लावलेले गुलाब होते. "बसतीन," ती म्हणाली.

सोमवारी कार्यालयाचं कुलूप उघडायच्या आधी रविंद्र पायरीवर उभा होता. एरवी फाइल टेबलावर ठेवून तो चहाला जात असे. आज त्याने ती हातातून सोडली नाही. मॅडम आल्या तशा त्यांच्या मागोमाग खोलीत शिरला.

"मॅडम, वडखाप्याची खूण मी चुकीची लिहिली होती. ही खरी. पूल तातडीचा आहे."

मॅडमनी कागद वाचला. "किती लोकांची अडचण होते?"

"म्हशी धरून?" रविंद्रने विचारलं.