रविवारची निळी नळी

आमच्या वरच्या मजल्यावरचे अण्णासाहेब रोज सकाळी गॅलरीत स्पिरिटचा दिवा लावून स्वतःची लघवी उकळायचे. काचेच्या नळीत निळं औषध, त्यात मोजून आठ थेंब. मग नळी लालबाग राजवाड्याच्या दिशेला उंच धरून निकाल जाहीर व्हायचा.

संस्थान मध्यभारतात विलीन झालं, तरी त्यांच्या मधुमेहात दरबार चालूच होता. साखर नसली की नळी निळी राहायची, ती ‘सरदार’. हिरवी ‘मानकरी’, पिवळी ‘कारकून’ आणि विटेसारखी लाल झाली की ‘बडतर्फ’.

“मास्तर, शुगर म्हणजे रयत,” मला सांगायचे. “जरा ढील दिली की डोक्यावर बसते. कायदे से राहायचं, भिया.” एवढं बोलून खिशातली तीळगुळाची गजक तोंडात टाकायचे.

नळीचा रंग बघून त्यांच्या पत्नी, माई, इन्शुलिनची सुई टोचायच्या. माईंनी पथ्य स्वतःलाही लावून घेतलं होतं. नळी निळी असेल त्याच दिवशी त्या गोड खाणार. शनिवारी अण्णासाहेबांनी कुणाच्या लग्नात श्रीखंड झोडलेलं असलं तरी रविवारी सरदार हजर. मग अण्णासाहेब स्वतः जाऊन पोहे आणि पावभर जलेबी आणायचे. माई जलेबी खायच्या, हे आपल्या पोह्यांवर शेव पसरत बघत बसायचे.

एका रविवारी मी पुस्तक परत द्यायला वर गेलो, तर ते आठ थेंब पाण्याच्या तांब्यातून घेत होते.

“सरदारांची भरती अशी होते तर.”

“हळू बोला. सहा दिवस खरं बोलतो. मीठा मला मना आहे, तिला नाही. ऐकतच नाही, काय करू?”

“आणि सुई? निळी बघून त्या कमी टोचणार.”

“एका दिवसाचं काय, मास्तर.”

मी कुणाला बोललो नाही. पुढे त्यांच्या पायाला झालेली जखम भरली नाही, त्यातच ते गेले, आणि माझं ते न बोलणं मला छळत राहिलं.

चौदाव्या दिवशी गोडाचं जेवण होतं. माई ताटातल्या जलेबीला हात लावेनात. पंगत खोळंबली. शेवटच्या दिवसांत नळी मीच बघत असे. माईंनी मला विचारलं, “शेवटी कशी होती?”

विटेसारखी होती.

“निळी,” मी म्हणालो.

“तुम्हालाही नीट जमत नाही हो,” माई म्हणाल्या. “थेंब तांब्यातले असायचे, ठाऊक होतं मला. रविवारीसुद्धा सुई मी पुरीच टोचत होते.”

मग त्यांनी जलेबीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून ठेवला.

“जरा बघत बसा, मास्तर. त्याशिवाय जात नाही.”