दोन रंगांत रक्त

नारायण पेठेतल्या प्रकाशन कचेरीत डॉ. प्रियदर्शनी गजभिये यांनी आपल्या पुस्तकाचे शेवटचे प्रूफ उघडले. हे पुस्तक त्यांनी मुलांसाठी लिहिले होते. पाचव्या प्रकरणाचे शीर्षक होते 'रक्त लाल का असते?' खाली हृदय निळे, धमन्या निळ्या, शिरा निळ्या.

"बापूराव, हे काय?"

"दोनरंगी छपाई," प्रकाशक बापूराव म्हणाले. "काळा नि निळा. आपली मालिका तीस वर्षं अशीच निघते."

"मग काळं छापा."

"काळं रक्त? मुलं घाबरतील हो. निळं कसं शास्त्रीय दिसतं!"

चित्र बदलणे शक्य नसल्यामुळे बापूरावांनी विज्ञान बदलले होते. 'हिमोग्लोबिनमधील लोहामुळे रक्त लाल दिसते,' या बाईंच्या वाक्यापुढे त्यांनी स्वहस्ते भर घातली होती: 'शरीराच्या आत मात्र ते निळे असते.' ज्या रंगद्रव्याच्या संशोधनात बाईंनी उभी हयात घालवली, त्याची ही विटंबना आता त्यांच्याच नावाने घरोघरी जाणार होती.

"हे वाक्य माझं नाही."

"माझं आहे. चित्राशी जुळायला नको? आणि मनगट बघा ना, शिरा निळ्याच दिसतात."

"आकाशही निळं दिसतं. तिथे कुणाचं रक्त वाहतं?"

वाक्य खोडण्यासाठी बाईंनी प्रुफाचा गठ्ठा खसकन ओढला. स्टेपलरची उघडी पिन बोटात घुसली आणि एक लालभडक थेंब निळ्या हृदयावर पडला.

"आता बघा!"

बापूराव चष्मा सावरून वाकले. "हे बाहेर आलेलं आहे, मॅडम. हवा लागली की लाल होतं."

"तपासणीसाठी रक्त घेतात त्या नळीतली हवा काढून टाकलेली असते. तिथे निळं दिसतं तुम्हाला?"

"तेव्हा मी डोळे मिटून घेतो."

"ते वाक्य तरी काढा, नाहीतर माझं नाव काढा!"

"काढलं वाक्य. शब्द दिला."

छापखान्याचा दशरथ प्रूफ न्यायला आला. "ताई, हा डाग पुसू का?"

"कशाला? असू दे की! मुलांनाही कळू दे, रक्त कसं असतं ते," बाई कडाडल्या.

महिन्याने पुस्तक आले. बापूरावांनी शब्द पाळला होता. ते वाक्य नव्हते. मुखपृष्ठावर बाईंचे नाव ठळक होते. पाचव्या प्रकरणात हृदयाच्या मधोमध तो थेंब दशरथने इमानेइतबारे जसाच्या तसा छापला होता, अर्थात निळ्या शाईत. खाली बाईंच्या समाधानासाठी बापूरावांनी एक ओळ घातली होती: 'लेखिकेच्या रक्ताचा थेंब, नैसर्गिक रंगात.'