आधी फळ, मग रंग

राठोड गुरुजींसमोर ‘ऑरेंज’ हा शब्द चुकूनही काढू नये. आमच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक आहे, एका कुल्फीवाल्याला सोडून. त्याने “ऑरेंज कांडी!” अशी आरोळी ठोकली, की गुरुजी फाटकातून हात वर करतात. “आधी फळ का आधी रंग?” मग कांड्या वितळेपर्यंत त्या बिचाऱ्याची सुटका नसते.

“आधी फळ, मग रंग!” उत्तरही गुरुजीच देतात. “फळ पोचायच्या आधी इंग्रजाकडं ह्या रंगाला नावच नव्हतं, भाऊ. पिवळा-तांबडा म्हणून भागवून राहिले होते. शब्द आपला, नारंग. इथून इराणात गेला, मग अरबांकडं, स्पेन, फ्रान्स करत विलायतेला. वाटेत ‘न’ सांडला.”

गुरुजी बंजारा, त्यांचा तांडा कनेरगाव नाक्याजवळचा. पूर्वजांनी बैलांवर मीठ लादून मुलूख पालथा घातलेला, त्यामुळे हा शब्दही बैलाच्या पाठीवरूनच गेला असणार अशी त्यांची खात्री आहे. “गोणीला भोक असलं की सांडायचंच.” इंग्रजी शिकवून ते निवृत्त झाले, पण तास काही संपला नाही. त्यांना पाहून मीही स्कूटर मागच्या गल्लीतून घालतो.

काचबिंदूने गुरुजींच्या बायकोची, आमच्या काकूंची, दृष्टी गेली आणि तेव्हापासून त्यांनी उंबरठा ओलांडला नाही. एरवी बाई मोठी हौशी, आरसे लावून रंगीबेरंगी भरतकाम करणारी. यंदा त्यांच्या भाचीचं लग्न निघालं. आईविना पोर, काकूंनीच वाढवलेली. तांड्यावर नवरी निघताना घरच्या बायांच्या गळ्यात पडून ढावलो, निरोपाचं गाणं, गाते, गात गातच रडते. मावशीच नसली तर ही कोणाच्या गळ्यात पडणार? पण काकू अडून बसल्या. “म्या न्हाई येत. अंगावर काय नेसले ते मलाच ठावं न्हाई. लोक कीव करतील.”

गुरुजी मला म्हणाले, “भाऊ, गाडी काढा.”

साड्यांच्या दुकानात त्यांनी “ऑरेंज दाखवा” म्हटलं आणि मी कपाळाला हात लावला. ही साडी गाजराची निघाली, ती पिकल्या पपईची, तिसरी भट्टीतल्या विटेची. एकेक साडी उजेडात नेऊन गुरुजी परत आणत. गादीवर ढीग झाला. शेवटी दुकानदार वैतागला.

“गुरुजी, बाईंना दिसत न्हाई म्हणता, मंग काहून एवढी तकलीफ? कोणतीबी न्या अन् ऑरेंज हाय म्हणून सांगा.”

“तिला दिसत न्हाई,” गुरुजी म्हणाले. “मला दिसतं नं.”

दुकानदार गुमान आणखी गठ्ठे सोडू लागला.

घरी आल्यावर काकूंनी साडी मांडीवर घेतली आणि काठावरून बोटं फिरवली. “कोणता रंग?” गुरुजी त्यांच्याजवळ खाली बसले. आता तास सुरू होणार म्हणून मी उठलो, पण आवाज निराळाच होता. घाई नाही, प्रश्न नाही. आपल्या बांधावरचा पळस, त्याचं दोन दिवस ऊन खाल्लेलं फूल, त्याचा रंग, असं त्यांनी सांगितलं. मग नारंग निघाला आणि इराण, अरब, स्पेन करत विलायतेला पोचला. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाजसुद्धा काढून झाला. काकू लेकरासारख्या हसत होत्या. दिवसभर गुरुजी आमचा जो तास घेतात ती या बैठकीची तालीम असते, हे मला तेव्हा कळलं. रंग दाखवता येत नव्हता, म्हणून ते रंगाची गोष्ट आणत होते.

“म्हंजी फळ येईस्तोवर इंग्रजाला रंग दिसत व्हता, पण नाव ठावं नव्हतं?” काकूंनी विचारलं.

“व्हय.”

“मंग माझं बरं हाय की. मला नाव तरी ठावं हाय.” त्यांनी पदर उलगडून खांद्यावर टाकला. “निघायचं कवा?”

गुरुजींनी त्या पदराचं टोक मुठीत धरलं. मीच म्हणालो, “उद्या सकाळी, काकू. मी रिक्षा सांगून ठेवतो.”

काकूंनी हात पुढे करून गुरुजींचा चेहरा चाचपला. बोटं ओली झाली.

“रडून राहिले व्हय? रडा. पण पदर सोडा आधी, ह्यो पोरीला रडायला ठेवलाय.”