दाराच्या फटीतली मूठ

"मास्तर, शिंपीण तुमच्या बोलण्यानं चर्च सोडून गेली. तुम्हीच तिला परत आणा. प्रेमानं," असं पाळक म्हणाले, आणि तो शेवटचा शब्द मास्तरांना चपलेतल्या खड्यासारखा टोचत राहिला. घर मोडून आलेल्या बाईनं चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसू नये, एवढंच तर ते बोलले होते. सगळ्यांदेखत बोलले होते, कारण खरं बोलायला आडोसा कशाला?

तरी प्रेम करायचंच, म्हणून ते दर रविवारी तिच्या दारातल्या पत्रांच्या फटीतून एक पत्रक आत सारत. 'पाप्या, पश्चात्ताप कर.' घंटी वाजवण्याइतका मान द्यायची त्यांची तयारी नव्हती. शेवटी पाळकांनी निर्वाणीचं सांगितलं, "या रविवारी ती आली नाही, तर उपासनेत उभा राहून तुमच्या वतीनं मीच तिची माफी मागेन."

त्या रविवारी मास्तर धुमसतच तिच्या दाराशी आले. आत शिलाई मशीन खडखडत होतं. उपासनेच्या दिवशी. मास्तरांनी दात खात पत्रक सारलं आणि वाकून डोळा लावला. फटीखाली कचऱ्याची टोपली. चिंध्यांवर त्यांची सगळी पत्रकं, घडीसुद्धा न मोडलेली.

"दाखवतोच पाळकांना," म्हणत त्यांनी गुडघे टेकले, हात आत घातला आणि मूठभर पुरावा उचलला. मूठ काही बाहेर येईना.

मशीन थांबलं.

"कोण आहे?"

"मी. मास्तर. दार उघड."

"कसं उघडू? दार आत उघडतं. हात मोडेल तुमचा. मूठ सोडा."

"नाही सोडणार. देवाचं वचन टोपलीत टाकतेस?"

"वचन कुठलं, मास्तर? तुमचं ओरडणं आहे ते. छापलेलं."

चर्चला निघालेली मंडळी रस्त्यात थबकली. "मास्तर? गुडघ्यांवर? शिंपिणीच्या दारात?" एक म्हातारी डोळे पुसू लागली.

"माफी मागत नाहीये मी," मास्तर गरजले. "अडकलोय."

"सगळेच अडकलेले असतो हो," पेटी वाजवणारे आजोबा म्हणाले, आणि कण्हत त्यांच्या शेजारी गुडघे टेकून प्रार्थनेला बसले.

तेवढ्यात आतून मुठीवर कोमट पाणी आलं. साबण आला. दोन हात बोटांवरून फिरू लागले आणि करंगळीच्या दुखऱ्या सांध्याशी येताच अलगद वळसा घालून पुढे गेले. ते दुखणं जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि ते माणूस सकाळीच चर्चमध्ये फुलं लावायला म्हणून घरून निघालं होतं.

"तू?"

"हळू बोला. बाहेर प्रार्थना चाललीय," बायको म्हणाली.

"इथं काय करतेस?"

"दर रविवारी करते तेच. वेदीचं कापड शिवतोय आम्ही. ती शिवते, मी धरते. आज यायला तयार झाली होती, अहो. चांगले कपडे घालून शेवटची टीप मारत होती. तेवढ्यात तुमचं पत्रक पडलं."

मास्तरांना बायकोचा राग आला, पाळकांचा आला, दारं बनवणाऱ्या सुताराचाही आला. मग राग करायला माणूसच उरलं नाही. आत, टोपलीवर, त्यांची बोटं एकेक करून उघडली. कागद चिंध्यांवर पडले, आवाजही न करता. हात सुळकन बाहेर आला, न्हाऊ घातलेल्या बाळासारखा गुलाबी.

ते उभे राहिले. जिभेवर काहीतरी जहाल तयार होतं. ते गिळून त्यांनी पहिल्यांदाच घंटी दाबली.

"कोण आहे?" शिंपिणीनं विचारलं, जसं काही तिला ठाऊकच नव्हतं.

"कोण काय कोण," मास्तर खेकसले. मग घसा खाकरून म्हणाले, "चुकलो मी. पुढच्या बाकावर माझी जागा आहे, तिथं बसा. मी मागं बसेन."

दार उघडलं. तिच्या हातात टॉवेल होता. "आधी हात पुसा."

मागून कण्हणं ऐकू आलं. प्रार्थना केव्हाच संपली होती, पण आजोबांना काही केल्या उठता येत नव्हतं.

"बसायला सांगितलं होतं कुणी?" मास्तर पुन्हा तडकले आणि त्यांनी आजोबांचा एक दंड धरला. दुसरा शिंपिणीनं धरला.