चिखल कोणत्या खात्याचा?

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, पहिल्या महायुद्धाच्या आदल्या वर्षी, लेफ्टनंट ह्यू टिलयार्ड यांचे समुद्री विमान सर्व नियमांचे काटेकोर पालन करीत चिखलात रुतले.

नियम साधा होता. समुद्रावर उडणारे विमान दर्याखात्याचे. किनारा ओलांडला की तेच भूखात्याचे. म्हणून वैमानिकाने किनाऱ्यावर येताच टोपी बदलावी, असे दोन्ही खात्यांनी एकमताने ठरवले होते. त्यांचे एकमत झालेली ही एकमेव गोष्ट. त्या दुपारी टिलयार्ड यांनी निळी टोपी काढून खाकी चढवली. तोच निळी वाऱ्याने उडून मागच्या पंख्यात गेली. पंख्याचे पाते तुटले. टिलयार्ड यांनी विमान समुद्राकडे वळवून उतरवले. चाकांऐवजी विमानाला लाकडी होड्या होत्या, त्यामुळे काळजीचे कारण नव्हते. फक्त ओहोटीमुळे समुद्र जागेवर नव्हता.

धक्क्यावरून दर्याखात्याचे कमांडर हॅलिबर्टन कर्ण्यातून ओरडले, "टिलयार्ड, तुम्ही तरंगताय का?"

"नाही सर, रुतलोय!"

"मग तूर्तास तुम्ही जहाज नाही." कमांडर शेजारच्या मेजर रस्क यांच्याकडे वळले. "घ्या मेजर, हे तुमचं."

"आमचं कसं?" भूखात्याचे मेजर म्हणाले. "जिच्यावर शिपाई उभा राहतो ती जमीन. थांबा, सिद्धच करतो."

त्यांनी एका शिपायाला चिखलात कूच करायला लावले. शिपाई कमरेपर्यंत आत गेला. खात्री म्हणून दुसरा पाठवला. तोही तितकाच गेला.

"पाहा. जमीन नाही!" मेजर अभिमानाने म्हणाले.

"पण पाणीही नाही," म्हणत कमांडरांनी दोन खलाशांसह एक होडी ढकलून दिली. ती शिपायांच्या शेजारी जाऊन रुतली. दोन्ही अधिकाऱ्यांनी परस्परांचे अभिनंदन केले आणि चहा मागवला.

एव्हाना धक्क्यावर बरीच गर्दी जमली होती. काहींनी खुर्च्या आणल्या होत्या.

मग भरती सुरू झाली. होडी उचलली गेली. खलाशांनी कोणालाही न विचारता शिपायांना आत ओढले आणि ते विमानाकडे निघाले. पण उतरताना विमानाच्या होड्यांना तडे गेले होते. विमान तरंगण्याऐवजी नाकावर बुडू लागले.

"थांबा!" कमांडर गरजले. "पाण्याखाली चाललंय म्हणजे ते पाणबुडी शाखेचं. मागे फिरा!"

पाणबुडी शाखेला तार गेली. तत्परतेने उत्तर आले, की आपली शाखा केवळ जाणूनबुजून बुडणाऱ्यांची आहे. सदर अधिकाऱ्याने आपला हेतू कळवावा.

"टिलयार्ड, हेतू काय तुमचा?" कर्ण्यातून विचारणा झाली.

वरच्या पंखावर चढून बसलेल्या टिलयार्ड यांच्या बुटांत पाणी शिरले होते. आयुष्यात प्रथमच त्यांना हुकूम ऐकू येऊनही त्याचा अर्थ लागेना. डोक्यावर खाकी टोपी होती. अशा टोपीत समुद्रात बुडणे नियमबाह्य ठरेल, हा विचार आला आणि त्यांना स्वतःचीच भीती वाटली.

"घरी जायचंय मला!" ते ओरडले.

"तशी शाखा नाही," कमांडर खेदाने म्हणाले.

इतक्यात डॉर्कस पेग नावाची एक बाई आपली चपटी होडी लोटत आली. ज्या जागी विमान बुडत होते, तिथे तिच्या कालवांची, म्हणजे खाण्याच्या शिंपल्यांची, शेती होती. तिने दोराचे एक टोक धक्क्याच्या खुंट्याला बांधले आणि गर्दीला म्हणाली, "मी हाक मारली की ओढा रे. भरतीच्या ओढीत एकटीला परत येता येणार नाही मला."

ती विमानापाशी पोहोचली. "उतर खाली! माझ्या कालवांवर बसून काय मरतोस? दुसरी जागा नाही मिळाली?"

टिलयार्ड तिच्या होडीत पडले. तिने हाक मारली, "ओढा!"

दोर ढिलाच राहिला. गर्दी एकमेकांकडे पाहत होती. कोणीतरी म्हणाले, "कळवलंय ना वर?" शेवटी त्या दोघांनीच दोर हाताहाताने खेचत होडी धक्क्याला आणली. टिलयार्ड यांच्या तळहातांची सालटी निघाली. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

चौकशी यथावकाश झाली. विमानाने हवा, पाणी, चिखल आणि तळ या चारही ठिकाणी समाधानकारक कामगिरी केल्याचे नमूद झाले. दोन्ही अधिकाऱ्यांना बढती मिळाली. विनापरवाना बचाव केल्याबद्दल डॉर्कसबाईला समज देण्यात आली, आणि विनापरवाना वाचल्याबद्दल टिलयार्ड यांना.

विमान बुडाले त्याच संध्याकाळी गावच्या दारूच्या पिठ्यात एका सुटाबुटातल्या गृहस्थाने टिलयार्ड यांचा पट्टी बांधलेला हात भावनेने धरला होता. "काय हा कारभार! लाज वाटते हो या देशाची. मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिथे होतो, सगळं डोळ्यांनी पाहिलं."

"कुठे उभे होतात?" टिलयार्ड यांनी विचारले.

"अगदी पुढे. त्या खुंट्यापाशीच! दोर माझ्या पायाला लागत होता."

"मग ओढला का नाहीत?"

गृहस्थ मनापासून गोंधळले. "मी?" ते म्हणाले. "मी तर सामान्य माणूस."