कपाटातला कोंबडा

मुलांनो, जरा एक कपाट डोळ्यांसमोर आणा. लोखंडी, हिरवट रंगाचं, दार उघडताना कुरकुरणारं. त्यावर पाटी आहे : 'झावळी बालपुस्तक संस्था, उधवा'. आता ते दार उघडा बरं. आत काय दिसतं? चार रिकामे खण आणि एक झुरळ. पुस्तक एकही नाही. तुम्ही म्हणाल, ही कसली पुस्तकसंस्था! पण काशीनाथकाकांना या रिकाम्या कपाटाचाच भारी अभिमान होता. "पुस्तक म्हणजे काय लोणचं आहे, बरणीत ठेवून मुरायला?" असं ते येईल त्याला ऐकवत.

काशीनाथकाका डहाणूचे. तिथे समुद्राच्या बाजूला त्यांची चिकूची वाडी होती. चिकू विकून हाती जे उरे, त्यातून ते दरवर्षी मुलांसाठी एखादं पुस्तक छापत. उधव्याला पिठाच्या गिरणीशेजारी एक खोली घेतली होती. तिथून पुस्तकं आसपासच्या पाड्यांवर वाचायला जात आणि घराघरांतून फिरत राहत. पुस्तकांतली चित्रं काकांची पुतणी मयुरा काढायची. पत्रव्यवहारही तीच करायची, कारण कचेरीची भाषा वाचली की काकांचं डोकं दुखायचं.

नोटाबंदीच्या पुढच्या वर्षी मात्र चिकूने दगा दिला आणि छपाई अडली. अडलं होतं तेही नेमकं उधव्याच्या मुलांनी स्वतः लिहिलेल्या गोष्टींचं पुस्तक. त्यातली पहिलीच गोष्ट पाचवीतल्या शितलची होती, एसटीत बसून तलासरीच्या बाजाराला गेलेल्या कोंबडीची. आपलं नाव छापून येणार, हे शितलने सगळ्या शाळेला सांगितलं होतं. तिच्या आजीने, बुधीबाईने, ते सगळ्या बाजाराला सांगितलं होतं. आता पुस्तक निघालं नसतं तर दोघींनी तोंड कुठे लपवायचं?

म्हणून मयुराने मुंबईच्या एका मंडळाकडे अर्ज केला. छोट्या प्रकाशकांना अनुदान देणारं मंडळ होतं ते. एक दिवस तिथून फोन आला, साहेब परवा पाहणीला येणार.

"येऊ देत की," काका म्हणाले. "आपल्याकडे लपवण्यासारखं काय आहे?"

"लपवण्यासारखं नाही, पण दाखवण्यासारखं काय आहे?" मयुरा म्हणाली. "नियम ऐका. संस्थेची पुस्तकं जागेवर असली पाहिजेत."

"जागेवरच आहेत. पोरांच्या हातात."

"काका, जागेवर म्हणजे कपाटात."

"कपाटात ठेवायची तर मग छापायची कशाला?"

"हे साहेबांना विचारू नका, प्लीज. आणि दुसरा नियम, संस्थेने विक्री, व्यापार काही करता कामा नये. तेवढं तरी आपलं बरोबर आहे."

शितल दारातच उभी होती. ती म्हणाली, "मी सांगून येते सगळ्यांना. उद्या संध्याकाळपर्यंत कपाट भरून देते." आणि खरंच, ती दोन दिवस पाड्यापाड्यांवर पळत राहिली. निरोप एकच : मुंबईचा साहेब येतोय, पुस्तकं परत द्या.

पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत एकही पुस्तक आलं नाही. काकांची झोप उडाली. पाहणीच्या दिवशी सकाळी मात्र खोलीचं दार उघडलं, तर बाहेर रांग! सगळ्यात पुढे बुधीबाई. एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या काखेत पाय बांधलेला लाल कोंबडा.

"हे पुस्तक," बुधीबाई म्हणाली. "आनि हा कोंबडा."

"कोंबडा कशाला?"

"वरीसभर पुस्तक घरात व्हतं. पोरांनी वाचलं, आमी ऐकलं. आता ते काय रिकाम्या हातानं परत देऊ? तुमच्याकडनं वाटीभर साखर आनली तर वाटी रिकामी परत देतात काय, शेट?"

आता तुम्हीच सांगा मुलांनो, याला काय उत्तर देणार? तुमची आई शेजारणीचा डबा रिकामा परत पाठवते का?

बुधीबाईच्या मागे पाड्यावरची जानी होती. तिने पुस्तक दिलं आणि वर भोपळा ठेवला. मग वालाच्या शेंगा आल्या, काकड्या आल्या, नव्या भाताचे तांदूळ आले. कुणी पळसाच्या पानात सुकट, म्हणजे सुकी मासळी, बांधून आणली. काका सारखे म्हणत होते, "अहो, नको. फक्त पुस्तक द्या. साहेब येणार आहेत!"

"साहेब येनार?" जानी म्हणाली. "मंग येका भोपळ्यानं काय व्हनार?" आणि ती दुसरा आणायला गेली.

दिपक नावाचा एक मुलगा नुसतंच पुस्तक घेऊन आला. काकांना इतका आनंद झाला, की त्यांनी त्याची पाठ थोपटली. पण दहा मिनिटांनी तो पुन्हा हजर.

"काका, पुस्तक परत द्या."

"आता काय झालं?"

"आई मारते. म्हनते, असंच दिलंस? आधी पुस्तक घेऊन ये. काकडी तोडून ठेवलीय, मंग परत दे."

त्याचं ऐकून आणखी चौघं आपापलं पुस्तक मागायला लागली. काकांनी कपाळावर हात मारला. कपाट एका बाजूने भरत होतं, दुसऱ्या बाजूने रिकामं होत होतं आणि खोलीत मात्र बाजार भरला होता.

तेवढ्यात मयुराचा फोन वाजला. "साहेब चारोटीला नाश्ता करून कधीच निघाले," ती म्हणाली. "तलासरी सोडली म्हणे!" मग तिने खोलीभर नजर फिरवली आणि तिचा चेहराच उतरला. "काका, हे बघून कुणालाही वाटेल, आपण पुस्तकं देऊन भाजी घेतो. व्यापार! गेलं अनुदान."

"मग काय करू? खाऊ सगळं?"

"लपवा!"

पण लपवणार कुठे? खोलीत दार असलेली वस्तू एकच. दोघांनी पुस्तकं बाहेर काढून टेबलावर रचली आणि भोपळे, काकड्या, तांदूळ, सुकट, सगळं त्या कपाटात कोंबलं. सगळ्यात शेवटी कोंबडा. दार लागेना, म्हणून काका त्याला पाठ लावून उभे राहिले.

साहेब आत आले. पुस्तकं पाहिली, चाळली, मान हलवली. काकांचा जीव भांड्यात पडतोय तोच ते म्हणाले, "छान. ही पुस्तकं ठेवता कुठे?"

"कपाटात."

"बघू."

"आता कपाट..." काका दाराला आणखी घट्ट चिकटले. "आता त्यात जुनी बाडं आहेत."

कपाटातून आवाज आला, "कुकूच कू!"

साहेबांनी कपाटाकडे पाहिलं. "बाडं फारच जुनी दिसतात," ते म्हणाले. "बाजूला व्हा जरा."

काका बाजूला झाले. पहिला भोपळा साहेबांच्या बुटावर पडला. दुसरा गडगडत दाराबाहेर गेला. मग शेंगा, मग तांदळाची धार, आणि शेवटी दोरी सुटलेला, पायात सुकटीची पुडी अडकलेला, भयंकर चिडलेला कोंबडा.

"अच्छा!" साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "म्हणजे इथे पुस्तकं देऊन माल घेतला जातो. याला विक्री म्हणतात. तसं लिहावं लागेल मला."

"विक्री?" काकांचा आवाज फुटला. "अहो, सकाळपासून हात जोडतोय लोकांना, नको म्हणून! मला कोंबडा नको, भोपळा नको. मला फक्त तुमच्या नियमाप्रमाणे एक भरलेलं कपाट हवं होतं, ते भरलं तर असं भरलं!"

"मग लपवलंत कशाला?"

काका सांडलेले तांदूळ गोळा करायला वाकले. मयुरा जमिनीकडे बघत राहिली. मोठी माणसं खोटं बोलून अडकली, की अशीच जमिनीकडे बघतात.

आजीसोबत आलेली शितल कोंबडा पकडायला टेबलाखाली शिरली होती. तिथूनच तिने विचारलं, "साहेब, विकलेली वस्तू परत आनतात का?"

"नाही."

"मंग ही पुस्तकं सगळी परत आलीत. विकली असती तर आमी ठेवून नसती घेतली?"

साहेबांचं पेन कागदावर टेकलं होतं, ते तसंच राहिलं. त्यांनी टेबलावरचं एक पुस्तक उचललं. कडा मऊ झालेल्या, पानाला चुलीच्या धुराचा वास, आणि मधे कुणीतरी खूण म्हणून ठेवलेलं आंब्याचं पान. ते उभ्याउभ्याच दोन पानं वाचू लागले. मग बसले. बुधीबाईने त्यांच्यासमोर काकडी कापून मीठ लावून ठेवली. वाचता वाचता तीही त्यांनी संपवली.

निघताना साहेब म्हणाले, "हे मी नेतो. संपलं नाही. पोस्टाने परत करीन."

शितल कोंबडा काखेत धरून गाडीच्या खिडकीपर्यंत गेली. "साहेब, रिकामं नाय पाठवायचं हां."

काकांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. "झालं! राहिलेलं अनुदानही गेलं."

पण गेलं नाही. महिन्याभराने मंजुरी आली. अहवालात साहेबांनी लिहिलं होतं, 'वाचकांचा सहभाग भरघोस. कपाट अपुरे पडते. सबब, छपाईसोबत आणखी एका कपाटासाठी रक्कम मंजूर.'

"अजून एक कपाट!" काका ओरडले. "एक रिकामं आहे, ते काय कमी होतं?"

त्यानंतर मुंबईहून एक मोठा खोका आला. आत पुस्तक होतं, आंब्याचं पान जिथल्या तिथे होतं, आणि वर उधव्याच्या मुलांसाठी रंगीत खडूच्या डब्या. साहेब शब्दाला जागले होते. मयुराने डब्या वाटल्या. काका खुर्चीत टेकले आणि कितीतरी दिवसांनी पहिल्यांदाच हसले. एकदाचा हा देण्याघेण्याचा कारभार मिटला, असं त्यांना वाटलं.

शितलने मात्र तो रिकामा खोका उचलला. आत डोकावली. घरी पळत गेली आणि परत आली, तेव्हा खोक्यात बरोबर मावेल असा एक भोपळा तिने आणला होता. तो नीट आत बसवून तिने मयुराकडे हात पुढे केला.

"ताई, साहेबांचा पत्ता दे."